गादीचा तंटा आणि मजुरीचा हिशेब

अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षावर खटला भरतात, तो सुटतो, दोन्ही पक्षांचे पुढारी एकमेकांस चोर ठरवून घरीं जातात, आणि तेथील मजुराची मजुरी मात्र होती तेथेंच राहते. हा प्रकार आहे तरी काय, असें आमच्या कित्येक वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे. विचारणारांत शेतकरी आहेत, सुतार-लोहार आहेत, आणि ज्यांचीं मुलें शिकून तिकडे नोकरीस गेलीं अशीं दोनचार घरेंही आहेत. प्रश्न रिकामपणाचा नाहीं. राज्य करणारा चुकला तर त्यास जाब विचारावा ही गोष्ट रयतेच्या हिताची. तिच्या घामास दाम मिळावा हीही तितकीच हिताची. पण या दोन गोष्टींची गांठ कोण घालतो, आणि कोणाच्या फायद्यासाठीं घालतो, हें जर समजलें नाहीं, तर रयत दोन्हीकडून नागवली जाते. भाषणें ऐकून याचा उलगडा होत नाहीं. कोणीं कोठें मत टाकलें याच्या याद्या पाहिल्या म्हणजे होतो. सबब आज आम्ही याद्याच उघडून बसलों आहों.

प्रथम कायदा काय तो थोडक्यांत सांगतों. १७८७ सालीं फिलाडेल्फिया शहरीं अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. तींत असें ठरलें कीं, फितुरी, लाचलुचपत किंवा दुसरा मोठा अपराध अध्यक्षाकडून घडल्यास प्रतिनिधिसभेनें साध्या बहुमतानें त्याजवर दोषारोप ठेवावा, आणि सीनेट नांवाच्या वरिष्ठ सभेनें त्याचा न्याय करावा. (या दोन सभांस मिळून तिकडे काँग्रेस म्हणतात, आमच्याकडील त्या नांवाच्या पक्षाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं.) न्यायाच्या वेळीं हजर सभासदांपैकीं दोन-तृतीयांशांनीं दोषी म्हटलें तरच अध्यक्ष पदावरून जातो, आणि पुन्हां अधिकाराची जागा मिळूं नये अशी बंदीही मग सीनेट त्याजवर घालूं शकते. तुरुंग व दंड हें साध्या कोर्टाचें काम. तें या खटल्यांत नाहीं. यालाच महाभियोग म्हणतात. आमच्या देशाच्या घटनेंतही राष्ट्रपतीवरील महाभियोगाचें ६१ वें कलम आहे.

हें अमेरिकेचें कलम लिहिलें जात असतां हिंदुस्थानच्या कारभाराची आठवण तेथें निघाली होती, हें थोड्यांस ठाऊक असेल. वॉरन हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकीर्दींत १७८२ सालीं मराठ्यांशीं सालबाईचा तह झाला, तो विलायतेस परत गेल्यावर काशीच्या चेतसिंगाचा छळ, अयोध्येच्या बेगमांची लूट वगैरे आरोपांवरून पार्लमेंटांत १७८७ सालींच त्याजवर महाभियोग उभा राहिला. फिलाडेल्फियाच्या सभेंत जॉर्ज मेसन यानें तेंच उदाहरण घेतलें. नुसत्या फितुरीच्या कलमांत हेस्टिंग्ज सांपडत नाहीं, मग असल्या माणसास पकडणार कसें, असा त्याचा सवाल होता. आणि 'इतर मोठे अपराध' हे व्यापक शब्द घटनेंत पडले ते त्या वादांतून. खुद्द हेस्टिंग्जाचा खटला १७८८ पासून सात वर्षें चालला व १७९५ सालीं तो निर्दोष सुटला. ज्या रयतेच्या नांवानें फिर्याद, तिच्या पदरांत काय पडलें, याची यादी कोणीं ठेविली नाहीं.

अमेरिकेच्या अध्यक्षावरील पहिला खटला १८६८ सालचा, अँड्र्यू जॉन्सन याच्यावरचा. आमच्या कारागीर वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे, कारण हा जॉन्सन धंद्यानें शिंपी. शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. लहानपणीं शिंप्याच्या हाताखालीं उमेदवारी केली, आणि पुढें टेनेसी राज्यांतील ग्रीनव्हिल गांवीं स्वतःचें दुकान घातलें. गरिबाच्या पोटचा माणूस गादीवर बसला म्हणजे गरिबाचें भलें होणार, असें भोळ्या मनास वाटतें. पण झालें काय तें पाहा. यादवी युद्ध संपत आलें असतां, १८६५ च्या जानेवारींत, सेनापति शर्मन यानें समुद्रकांठच्या कांहीं जमिनी चाळीस-चाळीस एकरांपर्यंत तोडून गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांस देण्याचा हुकूम काढला होता. एप्रिलांत लिंकन मारले गेले, जॉन्सन अध्यक्ष झाला, आणि त्याच सालीं त्यानें त्या जमिनी जुन्या मालकांस परत देवविल्या. जीं कुटुंबें ती जमीन आपली म्हणून कसूं लागलीं होतीं, तीं तिच्यावरून उठविलीं गेलीं. शिंप्याच्या कात्रीनें जमीनदाराचाच अंगरखा बेतला.

खटला मात्र जमिनीवरून झाला नाहीं. काँग्रेसचा कायदा मोडून युद्धमंत्री स्टँटन यास काढलें, हा त्यांतला मुख्य आरोप. प्रतिनिधिसभेंत १२६ विरुद्ध ४७ मतांनीं दोषारोप मंजूर झाला. सीनेटमध्यें ३५ म्हणाले दोषी, १९ म्हणाले निर्दोष. छत्तीस मतें पाहिजे होतीं. एका मतानें जॉन्सन वांचला. आतां यापुढची तारीख पाहा. मे महिन्यांत तो सुटला, आणि २५ जून १८६८ रोजीं सरकारी कामावरील मजूर व कारागीर यांचा दिवस आठ तासांचा करणारा कायदा झाला. १८६६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मजूर संघाची ती मुख्य मागणी होती. कायदा झाला तरी तास घटले म्हणून दामही घटवावे अशी अधिकाऱ्यांनीं पळवाट काढलीच. तेव्हां पुढचे अध्यक्ष ग्रँट यांस १९ मे १८६९ रोजीं जाहीरनामा काढावा लागला कीं, तास कमी झाल्याकारणानें रोजचा दाम कमी करूं नये. ज्या अध्यक्षास घालवावें कीं ठेवावें यावर सारा देश दुभंगला होता, त्याच्याच राज्यांत मजुरानें आपला कायदा पदरांत पाडून घेतला; कारण तो मागणारा संघ अध्यक्षाकडे तोंड लावून बसला नव्हता.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें आणि काळ्या माणसास दास्यांतून सोडविण्यासाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील भल्या लोकांस तें अर्पण केलें. इतक्या दुरून जोतीरावांस ज्या कामाचें मोल कळलें, त्या कामाचा जमिनीचा भाग तोंपर्यंत बुडविला गेला होता. बेडी तुटली, पायाखालची जमीन मिळाली नाहीं. सुटलेल्या गुलामास पुन्हां त्याच मालकाच्या शेतांत वांट्यानें राबावें लागलें, आणि त्याचा दाम ठरविण्याचें काम मालकाकडेच राहिलें.

दुसरा प्रसंग रिचर्ड निक्सन यांचा. १९७२ च्या जूनमध्यें विरुद्ध पक्षाच्या कचेरींत चोरून शिरलेले लोक पकडले गेले. तें प्रकरण दडपल्याचा अध्यक्षांवर आरोप आला. प्रतिनिधिसभेनें ६ फेब्रुवारी १९७४ रोजीं चौकशीस ४१० विरुद्ध ४ मतांनीं मंजुरी दिली. आजच्या माणसास ही यादी छापण्याची चूक वाटेल, पण खरी आहे. जुलैअखेर न्यायसमितीनें दोषारोप मंजूर केले, त्यांत पहिल्याच्या बाजूनें निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षाच्या १७ पैकीं ६ सभासदांनीं मत दिलें. ऑगस्टांत त्यांच्याच पक्षाच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनीं भेटून सांगितलें कीं, आतां मतें उरलीं नाहींत. आणि ९ ऑगस्ट रोजीं निक्सन गादी सोडून गेले.

याच चौकशीच्या ऐन मध्यावर, ८ एप्रिल १९७४ रोजीं, निक्सन यांनीं आणखी एका कागदावर सही केली होती. ताशीं किमान मजुरी १ डॉलर ६० सेंट होती, ती १ मे पासून २ डॉलर करण्याचा तो कायदा. लोकांच्या घरीं धुणीं-भांडीं, स्वयंपाक करणाऱ्या बायांसही त्यानें प्रथमच छत्र दिलें. गंमत अशी कीं, आदल्या सप्टेंबरांत तसलाच कायदा पुढें आला असतां याच निक्सन यांनीं त्यावर नकाराधिकार चालविला होता. सात महिन्यांत सही करणाऱ्याचें मन कां पालटलें, तें वाचकांनीं ताडावें. तूर्त एवढेंच लक्षांत असूं द्यावें कीं, त्या काळीं तेथें चार मजुरांमागें एक मजूर संघांत होता.

तिसरा प्रसंग क्लिंटन यांचा. तो आम्ही लवकर उरकतों, कारण त्यांतली मूळ भानगड चारचौघांत वाचण्यासारखी नाहीं. खासगी संबंधाविषयीं शपथेवर खोटें सांगितलें आणि न्यायाच्या वाटेंत अडथळा आणला, हे आरोप. १९ डिसेंबर १९९८ रोजीं प्रतिनिधिसभेनें दोषारोप ठेविले. १२ फेब्रुवारी १९९९ रोजीं सीनेटमध्यें एका आरोपावर ४५ दोषी विरुद्ध ५५ निर्दोष व दुसऱ्यावर पन्नास-पन्नास मतें पडून ते सुटले. त्यांचा पक्ष डेमोक्रॅटिक. त्या पक्षाच्या माणसांचें तेव्हां म्हणणें असें: देशांत रोजगार भरपूर, बेकारी शेंकडा साडेचारच्या आंत, मधल्या माणसाच्या हातीं पैसा खेळतो आहे, असल्या अध्यक्षास कशाला छळतां? रिपब्लिकन पक्षाचें म्हणणें: रोजगाराचा आणि अपराधाचा संबंध काय? कायद्यापुढें सर्व सारखे.

एकवीस वर्षांनीं, १९ नव्हे पण १८ डिसेंबर २०१९ रोजीं, रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष ट्रंप यांच्यावर दोषारोप ठेविला गेला, तेव्हां दोन्ही पक्षांनीं एकमेकांचे अंगरखे घातले होते. रोजगार भरपूर, बेकारी पन्नास वर्षांत नव्हती इतकी कमी, मजुरी चढते आहे, मग अध्यक्षास कां छळतां, असें आतां रिपब्लिकन म्हणूं लागले; आणि कायद्यापुढें सर्व सारखे हें डेमोक्रॅटिक पक्षास सुचलें. मतें पडत होतीं त्याच रात्रीं ट्रंप मिशिगन राज्यांतील बॅटल क्रीक या कारखान्यांच्या गांवीं हजारोंच्या सभेंत बोलत उभे होते.

या दोन्ही बोलण्यांविषयीं आमचें मत साफ आहे. पाटलानें दप्तरांत खाडाखोड केली असेल, तर त्या सालीं पीक चांगलें आलें हा त्याचा बचाव होऊं शकत नाहीं. आणि पाटलास शिक्षा होईपर्यंत कोणीं मजुरी मागूं नये, असें म्हणणाराही मजुराचा सोयरा नव्हे. युक्रेन देशास कबूल केलेली सुमारें ३९ कोटी डॉलरांची लष्करी मदत अडकवून ठेवून ट्रंप यांनीं आपल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध चौकशी मागितली, हा आरोप होता. त्याचा निकाल पुराव्यावर लागावयास पाहिजे होता. पण मजुरीचें माप कोणीं कसें धरलें तेंही पाहूं, कारण खरी मेख तेथें आहे.

'मध्यम वर्ग' म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें पांढरपेशा उभा राहतो. अमेरिकेंत तसें नाहीं. मोटारीच्या कारखान्यांतला कामगार, मालट्रक हांकणारा, नळ बसविणारा, शाळेंतला मास्तर, इस्पितळांतली परिचारिका, हे सारे तेथें स्वतःस मध्यम वर्गाचे म्हणवितात. यांची मजुरी वाढली कीं नाहीं, यावर दोन्ही पक्ष दोन पाट्या दाखवितात, आणि चमत्कार असा कीं दोन्ही पाट्यांवरचे आंकडे खरे असतात. रिपब्लिकन पाटी म्हणते, घराचें उत्पन्न पाहा. गांवांतलीं शंभर घरें उत्पन्नाच्या क्रमानें रांगेंत उभीं केलीं, तर जें मधोमध येईल त्याचें उत्पन्न तें मधलें उत्पन्न. शिरगणती खात्याच्या आंकड्यांप्रमाणें अमेरिकेंतल्या अशा मधल्या घराचें उत्पन्न २०१९ सालीं सुमारें ६८,७०० डॉलर निघालें. पूर्वीच्या कोणत्याही सालापेक्षां तें अधिक होतें. डेमोक्रॅटिक पाटी म्हणते, घराचें नको, तासाचें पाहा. १९७३ च्या जानेवारींत साध्या कामगारास तासास सरासरी ४ डॉलर ३ सेंट मिळत. तेवढ्या पैशांत त्या वेळीं जितका माल येई, तितका २०१८ सालीं घ्यावयास २३ डॉलर ६८ सेंट लागत. आणि २०१८ च्या जुलैमध्यें त्यास प्रत्यक्षांत मिळत होते २२ डॉलर ६५ सेंट. पंचेचाळीस वर्षें राबून तासाचा दाम एक डॉलरनें मागेंच!

दोन्ही खरें कसें? घरांत पूर्वीं एक कमावत असे, आतां नवराबायको दोघें कमावतात, म्हणून घराचा आंकडा चढतो. तासाचा मात्र जागच्या जागीं राहतो. शाळेंत मुलांस आम्ही सांगतों कीं, उत्तर पाहण्याआधीं प्रश्नांत काय मागितलें तें वाचा. अमेरिकेच्या मतदारास हा उपदेश कोणी करीत नाहीं असें दिसतें. २०१७ च्या डिसेंबरांत कंपन्यांवरील कर शेंकडा ३५ वरून २१ वर आणणारा कायदा झाला, तेव्हां सरकारच्या अर्थपंडितांनीं सांगितलें होतें कीं, यामुळें दर घराचें उत्पन्न सालास सरासरी किमान ४,००० डॉलरांनीं वाढेल. २०१९ सालीं काँग्रेसच्या स्वतःच्या संशोधन खात्यानें तपासलें, तो पहिल्या सालीं मजुरीस असा कांहीं भर आलेला दिसला नाहीं. उलट बाजूनें हेंही सांगणें न्यायाचें आहे कीं, २०१९ च्या सुमारास अगदीं तळाच्या मजुरांचे दर खरोखर चढत होते. मजूर मिळेनासे झाले होते हें एक कारण, आणि निम्म्याहून अधिक राज्यांनीं आपापल्या कायद्यानें किमान मजुरी वाढविली होती हें दुसरें.

देशाच्या कायद्यानें मात्र ती वाढली नाहीं. २४ जुलै २००९ पासून ती तासास ७ डॉलर २५ सेंट आहे. आठवड्यास चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही सुटी न घेतां राबलें तर सालाची बेरीज १५,०८० डॉलर होते. काँग्रेसच्या सभासदाचा पगार सालीना १,७४,००० डॉलर. तोही २००९ पासून तेवढाच आहे, हें आम्ही दडवीत नाहीं. पण साडेअकरा पटींवर थांबलेल्या माणसाचें थांबणें निराळें आणि पोटाच्या चिमट्यावर थांबलेल्याचें निराळें. कोणी म्हणेल, किमान मजुरी ही तळच्या माणसाची; मधल्याचा तिच्याशीं काय संबंध? खुरपणीच्या बाईचा रोज वाढला कीं आठ दिवसांत गवंड्याचा मदतनीसही वाढ मागतो, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हें सांगावयास नको. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कचेरीनेंही २०१९ च्या जुलैमध्यें तसेंच म्हटलें: दर १५ डॉलर केला तर १ कोटी ७० लाख मजुरांस थेट वाढ मिळेल आणि त्यांच्या जरा वरच्या १ कोटी मजुरांसही मिळण्याचा संभव आहे. त्याच कचेरीनें मधल्या अंदाजानें १३ लाख नोकऱ्या जातील असेंही लिहिलें. एका पक्षानें पहिलें वाक्य पाठ केलें, दुसऱ्यानें शेवटचें.

आतां याद्या. १७ जुलै २०१९ रोजीं प्रतिनिधिसभेंत एका सभासदानें ट्रंप यांच्यावर दोषारोप ठेवण्याचा ठराव आणला. तो ३३२ विरुद्ध ९५ मतांनीं बाजूस टाकला गेला. दुसऱ्याच दिवशीं, १८ जुलैस, त्याच सभेनें १५ डॉलरांचा मजुरी कायदा २३१ विरुद्ध १९९ मतांनीं मंजूर केला. रिपब्लिकन बहुमताच्या सीनेटनें तो चर्चेस घेतलाच नाहीं. पांच महिन्यांनीं वर्तमानपत्रांस खटल्यावांचून दुसरें कांहीं सुचेनासें झालें, तेव्हां सर्वत्र ऐकूं येई कीं या गडबडींत लोकांचीं कामें खोळंबलीं. ही थाप आहे. १० डिसेंबर २०१९ च्या सकाळीं सभापति पेलोसी बाईंनीं दोषारोपाचीं कलमें जाहीर केलीं, आणि तासाभरांत त्याच बाईंनीं मेक्सिको व कॅनडा यांच्याशीं ट्रंप सरकारनें केलेल्या व्यापारी करारास संमति असल्याचें जाहीर केलें. १८ डिसेंबरच्या रात्रीं एकमेकांचें तोंड न पाहणारे हे दोन पक्ष १९ डिसेंबरला त्या करारासाठीं ३८५ विरुद्ध ४१ मतांनीं एका रांगेंत उभे राहिले. करारांत मोटारीचा ठराविक भाग तासास सरासरी किमान १६ डॉलर मिळविणाऱ्या मजुरांनीं केलेला असावा अशी अट आहे, आणि ती मजुराच्या फायद्याची आहे. पण मनांत आणलें तर चोवीस तासांत भांडण विसरतां येतें, हें त्या मतांनीं सिद्ध केलें.

५ फेब्रुवारी २०२० रोजीं सीनेटनें ट्रंप यांस सोडलें. पहिल्या आरोपावर ४८ दोषी, ५२ निर्दोष. रिपब्लिकन पक्षांतून एकटे रॉम्नी दोषी म्हणाले. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध असें मत देणारे ते तोंपर्यंतचे पहिलेच सीनेटर. पुढें निवडणुकींत ट्रंप हरले, ६ जानेवारी २०२१ रोजीं त्यांच्या अनुयायांचा जमाव काँग्रेसच्या इमारतींत घुसला, आणि बंडास चिथावणी दिल्याचा दोषारोप १३ जानेवारीस २३२ विरुद्ध १९७ मतांनीं मंजूर झाला. १३ फेब्रुवारीस सीनेटमध्यें ५७ दोषी, ४३ निर्दोष. सदुसष्ट पाहिजे होते, म्हणून ते दुसऱ्यांदाही सुटले. बंदीचा प्रश्नच मग उरला नाहीं, आणि २०२४ च्या निवडणुकींत ते पुन्हां अध्यक्ष झाले.

त्या ५७ मतांची फोड करूं. डेमोक्रॅटिक बाजूचे पन्नासच्या पन्नास, आणि रिपब्लिकन सात. ही पहिली यादी. तीन आठवडेही झाले नव्हते तों, ५ मार्च २०२१ रोजीं, त्याच शंभर माणसांपुढें मजुरीचा प्रश्न आला. महामारींतील मदतीच्या कायद्यांत १५ डॉलरांचें कलम बसत नाहीं असें सीनेटच्या नियमतज्ज्ञ बाईंनीं सांगितलें होतें. तरी नियम बाजूस ठेवून तें घालावें, असा ठराव सँडर्स यांनीं आणला. बाजूनें ४२, विरुद्ध ५८. डेमोक्रॅटिक बाजूच्या पन्नासांतून आठ जण पलीकडे जाऊन बसले. रिपब्लिकन बाजूचे पन्नास एकजात विरुद्ध. महिन्यापूर्वीं न्यायासाठीं ज्यांनीं पक्ष सोडला होता ते सातही त्यांत आले. रॉम्नी यांनीं १० डॉलरांची निराळी योजना पुढें ठेविली होती, पण तीही कायदा झाली नाहीं.

या दोन याद्या शेजारीं शेजारीं ठेवून आमच्या वाचकांनीं पाहाव्या. अध्यक्षास घालविण्याच्या वेळीं डेमोक्रॅटिक पक्षांतला एकही माणूस हलला नाहीं. मजुरीच्या वेळीं आठ हलले. रिपब्लिकन पक्षांत अध्यक्षासाठीं सात जणांची सदसद्विवेकबुद्धि जागी झाली. मजुरासाठीं एकाचीही झाली नाहीं. आठांनीं कारणें दिलीं, पन्नासांनींही दिलीं. लहान दुकानदाराचें काय, खेड्यांतल्या हॉटेलवाल्याचें काय, हे प्रश्न अगदींच पोकळ नव्हते. पण बारा वर्षें जो दर एक सेंटही हलला नव्हता, आणि महागाईनें ज्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा खाऊन टाकला होता, त्यावर मध्यम तोड काढून उठूं असें त्या शंभरांस वाटलें नाहीं. खटल्यासाठीं मात्र रात्रीं जागल्या. १८६८ व १९७४ या सालीं असें कां झालें नाहीं, याचें उत्तर आमच्या मतें एका आंकड्यांत आहे: १९७४ च्या सुमारास चौघांत एक मजूर संघांत होता, २०१९ सालीं दहांत एक उरला. जो दारांत उभाच नाहीं, त्याचें मत धरून ठेवण्याची पक्षास गरज काय?

तेथील साधीं घरेंही पक्षांसारखींच दुभंगलीं आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. फ्लॉरिडा राज्याचा दाखला देतों. ३ नोव्हेंबर २०२० रोजीं त्या राज्यानें ट्रंप यांस निम्म्याहून थोडीं अधिक, शेंकडा ५१ मतें दिलीं. त्याच दिवशीं, त्याच मतदारांपुढें, राज्याची किमान मजुरी पायरीपायरीनें १५ डॉलर करावी कीं नाहीं असा दुसरा प्रश्न होता. तो मंजूर होण्यास शेंकडा ६० मतें लागत होतीं. सुमारें ६१ पडलीं. म्हणजे अध्यक्षावरून एकमेकांशीं न बोलणारे हजारों शेजारी दामाच्या कलमावर एकाच चौकोनांत खूण करून आले. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं तेथें तासाचा दर १० डॉलर झाला, आणि पुढें दरसाल एकेक डॉलर चढत २०२६ च्या ३० सप्टेंबरास १५ व्हावा असें त्या कलमांत लिहिलें आहे. या मतदानानंतर चार महिन्यांनीं सीनेटमध्यें ५ मार्चची मोजणी झाली, तेव्हां फ्लॉरिडाचे दोन्ही सीनेटर 'विरुद्ध' च्या रकान्यांत होते.